कोरी पाटी

वहिनी,

दादा अंबडला कंपनीत जिन्यावरून पडला. पाय मोडलाय, पण जिवाला धोका नाही, असं फोनवर म्हणाले. मी दवाखान्यात जाते. गार्गी शेजारी सलिमाभाभींकडे आहे, त्याच तिला आणून सोडतील. तिचं जेवण झालंय, दूध तेवढं तापवायचं राहिलं.

एक सांगते, रागावू नकोस. दुपारी मी तिला काना शिकवत होते. 'मामा', 'काका' वाचून झालं, म्हणून पाटी पुसून तिच्या हातात दिली. तर कोऱ्या पाटीवर बोट ठेवून, अक्षर लावत लावत ती म्हणाली, "बा-बा प-ड-ला."

मी दटावलं, "असं बोलू नये! आणि इथं कुठं काय लिहिलंय?"

"आहे की, आत्या. तुला वाचता येत नाही?"

फोन त्यानंतर आला.

मघाशी तिला सोडायला निघाले, तर पुन्हा पाटी घेऊन बसलेली. "आ-ई" एवढं वाचलं आणि मी पाटी हिसकावली. पुढचं वाचू दिलं नाही.

तू दवाखान्यात येऊ नकोस. मी परत येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस.

शालन