क्लेटनचं इंजिन मी विकलं नाही, त्याची हकीकत

तीर्थरूप मर्लदादास,

धाकट्या लवॉनचा नमस्कार. वाकून नव्हे, ताठ उभं राहून. तुझे गुडघे कसे आहेत? डोरीनवहिनींचं ब्लडप्रेशर? ओक्लाहोमात वादळानं छपरं उडाली असं बातम्यांत पाहिलं. तुझं जागेवर असणार, कारण ते तू स्वतः बसवलंयस आणि तू बसवलेलं काही हलत नाही, तुझी मतंसुद्धा. इकडे बेकर्सफील्डला रस्त्यावरचं डांबर वितळायला लागलंय आणि मी ठणठणीत आहे. (हे तुला आवडेल की नाही, माहीत नाही. वर्षभरात तू विचारलं नाहीस.)

तुझ्या मेव्हण्याला, क्लेटनला, पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये, हातात बटाट्याच्या सॅलडची बशी धरून तू जे बोललास ते मी विसरलेली नाही. "लवॉन, ते इंजिन फुंकून टाक. मेलेल्या माणसाचं खेळणं घरात ठेवून काय करणार?" आणि शेजारी ते प्रेस्कॉटसाहेब (जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवतात, अंत्यविधीला पांढरे बूट घालून आले होते) मान डोलवत उभे. त्यांना इंजिन हवं होतं ते कशाला, तर वर काच टाकून दिवाणखान्यात टेबल करायला! आठ सिलिंडरचं, सात लिटरचं, नखशिखांत अॅल्युमिनियमचं इंजिन; क्लेटननं ते सुरू केलं की तिसऱ्या गल्लीतली कुत्री पलंगाखाली शिरायची. त्याच्यावर हे कॉफीचे कप ठेवणार! मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. त्यावर तू म्हणालास, "मग बस त्याला कवटाळून." दादा, मी बसले नाही. मी ते खोललं.

तुला आठवत असेल, पूर्वी असली दांडगी इंजिनं लोखंडाचीच असत, आणि इतकी जड की वळणावर गाडीचं बूड आधी निघून जायचं, डोकं मागून यायचं. म्हणून तोच घाट अॅल्युमिनियममध्ये ओतायला लागले, वाळूच्या साच्यात. (इंजिनाच्या सांगाड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, हात फिरवला तर ती खरखर अजून लागते.) पण अॅल्युमिनियम पडलं मऊ. पिस्टन त्याला चार दिवसांत खाऊन टाकेल, म्हणून आत लोखंडाच्या नळ्या बसवतात. आमच्या इंजिनातली एक नळी तडकलेली निघाली. नवी घालायची तर ब्लॉक भट्टीत तापवायचा, नळी बर्फात गारठवायची आणि धातू फुललेला आहे तोवर ती सरळ आत सोडायची. वाकडी गेली की तिथेच आवळली जाते, मग बाहेर काढणं विसरा. हे मी क्लेटनच्या शेजारी उभी राहून कितीदा पाहिलंय. तो मला फक्त "टॉर्च धर" म्हणायचा. टॉर्च धरणाऱ्या बाईला सगळं दिसत असतं, हे तुम्हा पुरुषांच्या कधी ध्यानात येत नाही.

आता ब्लॉक काही माझ्या ओव्हनमध्ये मावेना. (प्रयत्न केला. ओव्हनचं दार आता लागत नाही.) शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. मालक एवारिस्तो, भला माणूस, क्लेटनचा पत्त्यांतला जोडीदार. आम्ही दोघांनी ते धूड उचलून पावाच्या भट्टीत सरकवलं. "ताई, हे किती वेळ भाजायचं?" त्यानं विचारलं. म्हटलं, "थुंकी चुर्र करून उडेपर्यंत." त्यानं छातीवर क्रूस काढला आणि थुंकला. (भट्टी त्याची, मान त्याचा.) त्याच्या आइस्क्रीमच्या पेटीतून मी नळी काढली आणि सरळ आत सोडली. टण्ण! अशी बसली की एवारिस्तोनं पिठाळ हातांनी मला मिठीच मारली. मात्र एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो. नळ्या गंजू नयेत म्हणून क्लेटननं आतून एरंडेल चोपडून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या गोड पावांना त्याचा वास. गिऱ्हाइकं भांडायला आली. फक्त म्हाताऱ्या रुफिनाबाई सहा पाव आणखी घेऊन गेल्या आणि प्रकृतीला फारच मानवले असं सांगायला मुद्दाम परत आल्या.

मग क्रँक, मग पिस्टन, मग हवा ओढणारे वरचे आठ कर्णे; सगळं जोडून क्लेटनच्या त्या बुटक्या गाडीत बसवलं आणि गेल्या रविवारी वाळवंटातल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीला नेलं. दारावरचा पोरगेला अधिकारी म्हणतो, "आजी, ड्रायव्हर कुठंय?" म्हटलं, "हेल्मेट घालतोय," आणि घातलं. लोक हसले. मग मी इंजिन सुरू केलं, आणि हसण्याचा आवाज कुणालाच ऐकू येईना. दादा, काय सांगू! पाठीला चिकटून एखादा डोंगर खाकरतोय असं वाटलं. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर प्रेस्कॉटसाहेबांची गाडी पुढे दिसली. मी पाय खाली दाबला, तो उचललाच नाही. त्यांच्या बाजूनं जाताना मी हात हलवला. (हे नियमात बसत नाही म्हणे. दंड करा म्हटलं.) उतरले तेव्हा लोक कठड्यावर चढून टाळ्या वाजवत होते.

तेव्हा कळावे, की मेलेल्या माणसाचं खेळणं जिवंत आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी हट्टी बहीण,
लवॉन

ता. क. : मी कुठे उतरले ते लिहायचं राहिलं. तिसऱ्या फेरीत, वळणाच्या अलीकडे, गवतात. पिस्टनला धरणारा एक दांडा, कनेक्टिंग रॉड, ब्लॉक फोडून बाहेर आला. भोकातून माझी मूठ आरपार जाते. प्रेस्कॉटसाहेब आपली गाडी थांबवून धावत आले आणि म्हणाले, "बाई, आता तर टेबल आणखी छान होईल. भोकातून आत दिवा लावता येईल." मी म्हटलं, "दिवा तुमच्या डोक्यात लावा, तिथं जास्त गरज आहे."

ता. क. दुसरा : ब्लॉकची भिंत तिथे बिस्किटाइतकीच जाड आहे. वेल्डिंग करणारा जरा चुकला तर सगळं पाघळून जाईल. विमानाच्या कारखान्यात जन्म घालवलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही. मी माफी मागत नाहीये, तूही मागू नकोस, वेल्डिंग कर. हात थरथरतात म्हणशील. तू ज्योत धर, मी तुझं मनगट धरीन.

ता. क. तिसरा : पाकिटावर तिकीट नाही हे एव्हाना तू पाहिलं असशील. पत्र तुझ्या पेटीत मीच टाकलंय. मान वर कर. फाटकापाशी निळा ट्रक उभा आहे. नाही म्हणायचं असेल तर इथं येऊन तोंडावर म्हण, आणि येताना हातमोजे आण. ब्लॉक खाली उतरवायला दोघं लागतात.