कुंकू लावलेला कॉम्प्युटर

नाही हो वन्सं, मी काही मोडतोड केलेली नाही. भटमास्तरांनी फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं असेल, त्यातलं निम्मं खरं धरा. (कुठलं निम्मं ते वाचता वाचता कळेल.) आधी नमस्कार. गुडघा कसा आहे? हुबळीच्या डॉक्टरने जिने चढू नका म्हटलंय आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आता जावयाच्या खांद्यावर बसूनच वर जात असाल. इकडे सुपारी सोलून झाली, गाय व्यायली, आणि माझी जीभ होती तशीच आहे, म्हणजे तब्येत उत्तम समजा.

तर झालं असं. ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ताळमद्दळेची मंडळी देवळात कार्यक्रम करणार आहेत. वीस वर्षं तुमच्या बंधुराजांनी ती बैठक आमच्याच ओसरीवर भरवली. ना मुकुट, ना रंग, पांढरं धोतर नेसून मांडी घालून बसायचं, मद्दळ्यावर थाप पडली की कुणी राजा, कुणी राक्षस, आणि नुसत्या तोंडाने लढाई. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस (त्यातले सहा सांबाराबद्दल), पण तिथे बसला की तीन तास खळ नाही. शिवाय माइक लावून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचे. आता मंडळींनी देवळासाठी नवा कॉम्प्युटर घेतला. भटमास्तर म्हणाले, नागवेणीअक्का, जुन्यातलं सगळं नव्यात घालू, मग रविवारी हे खोकं मी भंगारात देऊन येतो. जसं काही त्यांच्या घरचंच खोकं.

पण जुन्यातून काढायचं तर त्यात ती पेनड्राइव्हची काडी खुपसावी लागते, आणि काडी काही जाईना. मास्तर वाकून बघतात तर भोकं कुंकवाने बुजलेली! अहो, दर आयुधपूजेला मी कोयता, अडकित्ता, मिक्सर आणि कॉम्प्युटर, सगळ्यांना सारखंच गंधकुंकू लावत आले. समोर दोन भोकं दिसली की माणूस तिथेच लावणार ना? मास्तर झाडूची हीर घेऊन तासभर कोरत बसले. म्हणाले, अक्का, पूजा केलीत की गिलावा केलात? मी म्हटलं, मास्तर, बारा वर्षं चाललाय तो कुंकवावर. तुमचा नवा किती चालतो ते बघू.

मग ती हिरवी पट्टी सुरू झाली. आधी म्हणते अकरा मिनिटं, मग म्हणते चार तास, मग पुन्हा पाच मिनिटं. अगदी तुमच्या भावासारखी. 'आलोच' म्हणून शिरसीला जायचे आणि सूर्य मावळताना उगवायचे. पट्टी सरकेपर्यंत मास्तरांनी दोन वाट्या गरम कषाय आणि सात तेल्लेव डोसे संपवले, आणि मला फाइल कशी धरायची, कशी हलवायची, नाव कसं बदलायचं ते शिकवलं. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, गप्प बसवत नाही. मी सातवीपर्यंतच शिकले असले तरी एकदा सांगितलं की मला येतं, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

दोनशे तीन बैठका गेल्या. एक गेली नाही. नेमकी ती, जी देवळात लावायची होती. हे राजा झाले होते आणि मास्तर (मिशांसकट) नाकारलेली राजकन्या. मास्तर बिचारे दोन दिवस जेवले नाहीत.

मला मात्र त्या बैठकीचं कौतुक कधीच नव्हतं. तुम्हाला तेव्हा कळवलं होतं, रविवारी दुपारची होती. मी आत कषाय उकळत होते, बाहेर एकदम हशा पिकला. मी तबक घेऊन आले तर सगळे माझ्याकडे बघून आणखी हसायला लागले. मद्दळेवाला तर मद्दळ्यावरच आडवा. मला वाटलं, माझ्या कषायाची टवाळी चालली आहे. ह्यांना विचारलं तर घसा खाकरून गोठ्यात गेले. मग मी आठ दिवस ह्यांना नुसती पेज वाढली, बिनमिठाची. आठही दिवस मुकाट्याने प्यायले, पण का हसले ते काही सांगितलं नाही. म्हणून म्हणते, हरवली तर हरवली.

तुमचीच खोडकर वहिनी,
नागवेणी

ता. क. रविवारच्या आत मास्तरांना फोन करा. थोरल्या बहिणीच्या अधिकाराने सांगा, 'भावाची आठवण म्हणून ते जुनं खोकं मला हवंय, सध्या नागवेणीकडेच राहू द्या.' तुमचा आवाज चढला की मास्तर ऐकतात. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. (योग्यच आहे.)

दुसरा ता. क. फाइल हरवलेली नाही. मीच ती 'अप्पेमिडी लोणचं' असं नाव घालून बाजूला ठेवली. मंडळीतला एकही पुरुष ते उघडणार नाही. मास्तर हात धुवायला गेले तेव्हा मी सहज लावून बघितली होती. वन्सं, अडतीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही. 'अगं' आणि खाकरणं, एवढ्यावर संसार केला. आणि त्या दिवशी भर बैठकीत, मास्तरांच्या मिशांकडे बघत, 'राजकन्ये' म्हणायचं तिथे म्हणाले, 'नागवेणी, माझं जरा ऐक.' हशा त्याचा होता. ते सांगायला नको म्हणून आठ दिवस बिनमिठाची पेज प्यायले. आता तेच कर्ण्यावर लावून गाव पुन्हा हसणार? नाही देणार मी.

रोज दुपारी जेवण झालं की तेवढंच लावते. आणि ओ देते. आज सात वेळा दिली.