मागच्या जिन्यावरची खिडकी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

गाइडच्या कामाला तुला मीच लावलं. राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभं करून शिकवलं, की आवाज खणखणीत ठेव, म्हाताऱ्या माणसांच्या चालीने चाल आणि माहीत नसेल तिथे सरळ 'माहीत नाही' म्हण. "दादा, अशानं लोक झोपतील," म्हणून तू हसायचास.

आता लोक कानात यंत्र लावून फिरतात आणि त्यात तुझा आवाज असतो. त्याचं मला दुःख नव्हतं. घरातलाच आवाज आहे, म्हटलं.

पण काल एक बाई कानातलं यंत्र काढून मागच्या जिन्यावरच्या खिडकीपाशी थांबल्या. "गाइडकाका, तो गवंडी पडला ती हीच ना? अजून त्याचे उसासे ऐकू येतात म्हणे!"

आपले आप्पा रे ते! डागडुजी करताना तिथून पडले. इतकी वर्षं मी त्या खिडकीतून पाहुण्यांना नदी दाखवतो आणि त्यांची पाठ वळली की हात जोडतो. तुला हे ठाऊक होतं. तरी तू आप्पांचं भूत करून विकलंस.

मी म्हटलं, "ही नव्हे बाई, ती खिडकी केव्हाच बुजवली."

या कामातलं माझं हे पहिलं खोटं. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण क्षमा मागावीशी वाटली नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तू तेही छान आवाजात वाचून दाखवशील.

आप्पांचा थोरला