फुलवंताभाभीचा प्रश्न

मध्यवर्ती कारागृह,
२० ऑक्टोबर २०२४

चि. सुनितास,

दादाचे भरभरून आशीर्वाद. हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार.

राखी पोचली. मनगटावर अजून आहे, रंग तेवढा साबणाबरोबर गेला. तुझं अक्षर मात्र आश्रमशाळेत होतं तसंच, मुंग्यांची रांग! आशाताई झालीस, रजिस्टरं भरतेस, तरी काही फरक नाही.

आता काम सांगतो. माझ्या बराकीतला वाहरू पुढच्या आठवड्यात सुटतोय. सहा वर्षं आम्ही शेजारी शेजारी झोपलो. माणूस सरळ, पण बोलतो फार. त्याला टीबी निघाला आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून गोळ्या चालू झाल्या, सहा महिने घ्यायच्यात. सुटताना थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि कागद मिळतील, पुढचं त्याचं त्याने बघायचं. कुठे जाणार विचारलं तर नुसता हसतो. धडगावकडे त्याची बायको आता दुसऱ्याच्या घरी नांदते आणि भाऊ फोन उचलत नाही. म्हणून मी त्याला आपला पत्ता दिला. तू रागावशील हे माहीत आहे. पण गोळी चुकू देणार नाहीस, हेही माहीत आहे.

माझ्या रजेचं पुन्हा विचारू नकोस. एकवीस दिवस घरी येता येतं, कबूल. पण अर्ज केला की पोलीस गावात चौकशीला येतात आणि आधी फुलवंताभाभीच्या दारात जातात. आमशा माझा लहानपणापासूनचा मित्र. एका मोहाच्या झाडावरून भांडण झालं, पोटात दारू होती, माझ्या हातून त्याच्यावर दांडका पडला आणि तो गेला. आता त्याच्याच बायकोला कोणी विचारायचं, की दिलवरसिंग घरी आला तर चालेल का? नको. सुटेन तेव्हा सरळ सुरतला जाईन, काम बघेन.

आयला सांग, मी जाड झालोय. खोटं आहे, पण सांग.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा वाहरूला दे.

तुझा दादा,
दिलवरसिंग


निंबपाडा, ता. अक्कलकुवा,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

सुनिताचा वाकून नमस्कार. साहेबांना पण.

तुझा पाहुणा आला. पिशवीत दोन शर्ट, गोळ्या आणि कागद, आणि बोलणं पोतंभर! मोलगीहून जीपने आला तेवढ्यात त्याने ड्रायव्हरच्या तीन पिढ्या विचारून घेतल्या होत्या. मी आधी तुझ्यावर रागावले, मग त्याला भाकर वाढली, मग मोलगीला नेऊन दवाखान्यात त्याचं नाव लावलं. गोळ्यांची सोय झाली. ऑनलाइन भरायला मात्र रेंजसाठी टेकडी चढावी लागली. माझे गुडघे तुझ्या नावाने शिव्या देतात.

पहिल्या सकाळी गोळ्या दिल्या, तर गिळून हा आ करून उभा! जीभ वर, जीभ खाली. म्हणाला, तिकडे दाखवावं लागतं. मी म्हटलं, की बाबा, मी आशा आहे, दातांची डॉक्टर नाही. तरी रोज आ करतोच.

दोन महिने गोळ्या झाल्या, तपासणी झाली, आता याच्यापासून भीती नाही, असं मी घरोघर सांगते. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यातून जेलमधला, म्हणजे लोकांना टीबीपेक्षा मोठं दुखणं वाटतं. शेवटी त्याला नाल्यापलीकडे जान्याच्या रिकाम्या घरात ठेवलं. जान्या बायकापोरांसह ऊसतोडीला गुजरातला गेलाय, आमचे हेही त्याच टोळीत आहेत. पहिल्या संध्याकाळी दिवस बुडायच्या आत वाहरू आत जाऊन बसला आणि दाराकडे बघत राहिला. काय हवं विचारलं, तर म्हणाला, की कडी. बाहेरून कोणी कडी लावल्याशिवाय त्याला झोप येत नाही. दादा, मी ती कडी लावली आणि वाटभर रडत घरी आले. तुझंही असंच होणार का रे?

आता माझा गुन्हा ऐक. मला रोज सकाळी नाल्यापलीकडे जायला जमत नाही. बाळांची वजनं, गरोदर बाया, मोलगीच्या मीटिंगा. जवळचं कोणीतरी गोळ्या द्यायला नेमावं लागतं. त्या पाड्यावर सध्या दोन म्हातारे आहेत, त्यांना दिसत नाही. आणि फुलवंताभाभी आहे. मी तिलाच सांगितलं. वाहरू तुझ्या बराकीतला, हे तिला सांगितलं नाही. ती आमशाची बायको, हे त्याला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, की गोळी किती वाजता.

आय रोज विचारते, दिलवर कधी येतो. मी म्हणते, येईल. तिला आता माणूस आवाजावरूनच कळतो. सात वर्षं झाली, दादा. कोणी दारात आलं की तीच आधी उठते. भाभीचं काय होईल ते होऊ दे, तू अर्ज कर.

राग आला असेल तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
सुनिता


मध्यवर्ती कारागृह,
१५ डिसेंबर २०२४

चि. सुनितास,

आशीर्वाद. पण आज रागातले.

हे काय करून बसलीस? अगं, गावात दुसरं कोणी मिळेना? तिच्या हाताने माझ्या मित्राला गोळ्या, आणि तिला पत्ता नाही! पत्र मिळेल त्या दिवशी जाऊन दोघांना सगळं सांग. लपवालपवी फार दिवस टिकत नाही, आणि वाहरूच्या तोंडाला कुलूप नाही.

आणखी एक. एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. कोर्टालाही नाही, तुलाही नाही. तीन वर्षांपूर्वी होळीच्या दिवशी मला राहवलं नाही आणि वाहरूला अर्धीमुर्धी सांगितली. ती भाभीच्या कानावर जायची असेल तर माझ्या तोंडून जायला हवी होती. म्हणून घाई कर.

इथे थंडी पडली आहे. सकाळी गिनतीला बसलो की आपल्या चुलीचा धूर आठवतो. साधा धूर गं, डोळ्यांत पाणी आणणारा. आय फुंकणी मारायची आणि आपण दोघं भाकरी कोणाला आधी, यावर भांडायचो. ते भांडण मला फार हवं आहे. रजा नको म्हणतो ना मी, पण गावाची वाट रोज चालतो. मोलगीपासून निघतो, घाट उतरतो. नाला आला की परत फिरतो.

रागावलो तरी तुझाच.

दादा


निंबपाडा,
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

नमस्कार. मान खाली घालून.

तुझं पत्र तीन आठवड्यांनी मोलगीला आलं आणि मला मिळायला आणखी चार दिवस. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भाभी रोज सकाळी गोळ्या घेऊन यायची, संध्याकाळी बाहेरून कडीही तीच लावायची. वाहरू गिळायचा, आ करायचा. ती म्हणायची, की मिट ते तोंड, माशी जाईल. एकदा ती शेंगा सोलत बसली होती आणि हा बोलत. जगाच्या तीन पिढ्या विचारणाऱ्याने तिच्या घरी कोण असतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता तुझी गोष्ट निघाली. नाव न घेता. आमच्या बराकीत एक मित्र आहे, त्याच्या हातून त्याचा दोस्त गेला. मोहाच्या झाडाखाली. मारलं आणि दारू उतरली, तसं त्याला पाठीवर टाकून रस्त्याकडे पळत सुटला. दोस्त जिवंत होता, पाठीवर बोलत होता, नाल्यापर्यंत बोलत होता. नाल्यात पाय टाकला आणि बोलणं थांबलं.

भाभीने शेंगा खाली ठेवल्या आणि विचारलं, की मित्राचं नाव काय. या शहाण्याने सांगितलं.

ती तिथून उठली ती माझ्या दारात. अंगण झाडत होते मी. वाटलं, आता शिव्या घालेल, केस ओढेल, काय करायचं ते करेल. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, की तुला माहीत होतं का. मी म्हटलं, वाहरू दादाचा मित्र, हे माहीत होतं. नाल्याचं मला माहीत नव्हतं, आयची शपथ. ती गेली. आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच नाला ओलांडून पळाले. म्हटलं, गोळी चुकली आता. बघते तर भाभी दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या, आणि वाहरू रडत गोळ्या गिळतोय. त्या आठ दिवसांत एक गोळी चुकली नाही. रिकामी पाकिटं तिने मोजून माझ्या उंबऱ्यावर ठेवली, वर दगड. बोलायची नाही, पण पाकिटं ठेवायची. फक्त संध्याकाळची कडी लावायला ती जाईना. वाहरू तीन दिवस जागा राहिला, चौथ्या दिवशी झोपला. आता दार उघडं टाकूनच घोरतो.

दादा, नाल्याचं मला का नाही सांगितलंस? मी बहीण आहे की कोण आहे? तुझी पाठ मला आठवते. मला ताप आला होता, तेव्हा त्याच पाठीवरून तू मला मोलगीला नेलं होतंस.

उत्तर लगेच लिही. लोभ राहू दे.

सुनिता


निंबपाडा,
१७ मार्च २०२५

ती. दादास,

नमस्कार. दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. नसेल लिहायचं तर नको लिहूस, मी लिहिणारच. तू तसाच आणि मी अशीच.

परवा वाहरूच्या गोळ्या संपल्या. तपासणी झाली, थुंकी साफ! वजन सहा किलो वाढलं. मोलगीचा औषधवाला शहाद्याकडचा आहे, तोही खूश होऊन म्हणाला, की ताई, तुन्हा पाहुणा तं पैलवान व्हई ग्या.

पण शेवटचे पाच दिवस माझा जीव टांगणीला होता. वाहरूने तिकडे नवस बोलला होता म्हणे, जिवंत सुटलो तर काठी गावच्या होळीत बावा होऊन नाचेन. आणि हे मला होळीच्या तोंडावर सांगतो! बावा झालेल्याने पाच दिवस आंघोळ करायची नाही, खाटेवर बसायचं नाही, बाईच्या हाताला हात लागू द्यायचा नाही. हा भाभीकडून गोळ्या घेईना. घरात पुरुष नाही, म्हातारे आंधळे. मी भांडले, रडले, सहा महिन्यांचं मातीत घालतोस का म्हणाले. तो नुसता हात मागे बांधून उभा. त्याचंही खरं होतं, देवाला दिलेला शब्द आहे.

भाभी सरळ पुजाऱ्याकडे गेली. येताना पळसाची पानं तोडून आणली. दगडावर पान, पानावर गोळ्या, शेजारी पाणी, आणि ती वीस पावलं लांब पाठमोरी उभी. पुजारी म्हणाला होता, की पान काही बाई नाही. पाचही दिवस असंच. गिळल्यावर वाहरू तिच्या पाठीला आ करून दाखवायचा! कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून तो काठीला असा नाचला, की भाभी हसली. मी बघितलं, दादा. सात वर्षांनी बघितलं.

काल ती आली आणि म्हणाली, की कागद घे. पुढचं तिचं आहे. तिने सांगितलं तसं लिहिलंय.

दिलवरसिंग,

मी फुलवंता बोलते, सुनिता लिहिते. एक शब्द गोड करायचा नाही, असं तिला बजावलंय.

सगळे म्हणाले, आमशा जागेवरच गेला. मी तेव्हा बारडोलीकडे ऊस तोडत होते. आले तेव्हा त्याची माती होऊन गेली होती. जागेवर गेला, कळलंही नसेल त्याला, असं म्हणून मी रडून घेतलं. आता वाहरू म्हणतो, तो तुझ्या पाठीवर बोलत होता. मोहापासून नाला अर्धा कोस आहे. अर्ध्या कोसात माणूस पुष्कळ बोलतो. ते बोलणं माझं आहे आणि ते तू सात वर्षं धरून बसलायस.

तू अर्ज कर. पोलीस माझ्याकडे आले तर मी सांगेन, येऊ दे. माफ केलं असं समजू नकोस, ते मला जमेल की नाही, माहीत नाही. तुझ्या आयला भेट, मग माझ्या दारात ये. बसायला सांगणार नाही. तो काय बोलला, तेवढं सांग आणि जा.

एवढंच, दादा. अंगठा तिचाच आहे. माझं पुढे काही लिहायचं सुचत नाही.

सुनिता


मध्यवर्ती कारागृह,
८ एप्रिल २०२५

फुलवंताभाभीस,

दिलवरसिंगचा जमिनीला डोकं टेकून नमस्कार. सुनिता वाचून दाखवेल. सुनिता, तूही गोड करू नकोस.

अर्ज दिला आहे. जामीनदार म्हणून सुनिताचं नाव घातलं. मंजूर झाला तर मे महिन्यात येईन.

मागची दोन पत्रं माझ्याजवळ आहेत. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. कोर्टात मला विचारलं होतं, की वाटेत तो काही बोलला का. मी म्हणालो, आठवत नाही. ते खोटं होतं. सगळं आठवतं, भाभी. रोज आठवतं. वकील, पोलीस, गाव, सगळ्यांच्या तोंडी ते गेलं असतं आणि तुमच्यापर्यंत येईतो उष्टं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. पुढे तुमच्यासमोर यायची हिंमतच राहिली नाही. ती माझी दुसरी चूक. पहिलीएवढीच मोठी.

पत्रात ते लिहीत नाही. दारात उभा राहून सांगेन आणि जाईन. तुम्ही काही म्हणालात तर ऐकेन, नाही म्हणालात तरी चालेल.

लोभ असावा असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. म्हणून एवढंच लिहितो. पाठीवर घेतल्यावर त्याने पहिलं नाव घेतलं ते तुमचं. पुढचं घेऊन येतो.

दिलवरसिंग