सातव्या डावाचा कागद

॥ श्री ॥

डोंबिवली, ता. १ जुलै १९९६

ती. भाऊकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, मी मात्र हवेत आहे. कॉम्प्युटर क्लासच्या प्रोजेक्टसाठी मी केलेला पत्त्यांचा खेळ एकदाचा चालू झाला! दोघा खेळाडूंना वीस-वीस प्राण. पहिल्या पाळीत एक ताकद, दुसरीत दोन, अशी ती वाढत जाते, आणि तेवढ्यात बसतील ती पानं खेळायची. सैनिकाचं पान टेबलावर राहून दर पाळीला वार करतं. विजेचं पान एकदाच पडतं, समोरच्या माणसावर किंवा त्याच्या सैनिकावर. आणखी एक पान समोरच्याचा सैनिक उचलून परत त्याच्या हातात धाडतं. प्राण संपले तो हरला.

यात मी कॉम्प्युटरला दोन स्वभाव दिलेत, एक अग्रेसिव्ह आणि एक टेम्पो. सर म्हणतात, दोन्ही एकच. दोघंही स्वस्त पानं भराभर टाकतात, दोघंही लवकर जिंकतात, मग दोन नावं कशाला? मी इतका वाद घातला की त्यांनी अटच घातली. दहा डाव छापायचे, वर नाव नाही. प्रोग्रॅम न पाहिलेल्या माणसाने नुसत्या चाली वाचून कुठला डाव कोणत्या स्वभावाने खेळलेला ते लिहून द्यायचं. नाणं उडवून पाच तर कुणाचेही बरोबर येतील, म्हणून दहाच्या दहा हवेत. एक चुकला की प्रोजेक्ट नापास. मी तुमचं नाव देऊन आलेय.

सोबत सरावाचे चार डाव आहेत. उत्तरं आतल्या बंद पाकिटात. आधी फोडू नका, तुमची सवय मला माहीत आहे. आणि एक गुपित. पुण्याच्या एका कंपनीने नोकरीसाठी बोलावलंय. प्रोजेक्ट पास हवं, आणि होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा. घरी अजून बोलले नाही, योग्य वेळ आली की सांगेन.

तुमची माया आहेच, ती या कागदांपुरती थोडी वाढवावी.

आपली,
हेमा

माजिवडा, ठाणे, ता. ६ जुलै

चि. हेमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पोचलं. टेम्पो म्हणजे आमच्या नाक्यावर विटा भरून उभा असतो तो, एवढंच मला ठाऊक होतं. तरी चष्मा पुसून बसलो. लवकर संपला तो डाव अग्रेसिव्ह, लांबला तो टेम्पो, असा सरळ विचार केला आणि पाकीट फोडलं. चारही चुकले. उलटी उत्तरं लिहिली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते, असं तुझी काकू म्हणाली आणि दिवसभर हसत होती.

खरं सांगतो, मलाही तुझ्या सरांचं पटायला लागलंय. पण हार मानायची नाही. खाडीवरचा गुणाजी कोळी माझा तीस वर्षांचा भिडू. नारळी पौर्णिमेपर्यंत त्याची होडी वर ओढलेली असते, म्हणून सध्या रोज दुपारी आमचे पत्ते चालू असतात. त्याला सोबत घेतलं तर सरांना चालेल का, ते विचार. आणि पोरी, योग्य वेळ कधी येणार ते पंचांगात पाहिलंयस का?

घरी सर्वांना आमची आठवण सांग.

तुझा,
भाऊकाका

डोंबिवली, ता. १० जुलै

ती. भाऊकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

चारही चुकले! पत्र वाचून मी ताट तसंच सोडून सरांकडे पळाले. सर म्हणाले, दोघं बसा नाहीतर चौघं, उत्तर एकच द्या. सोबत ते दहा डाव. माझ्या गठ्ठ्यातून सरांनी स्वतः निवडले आणि खऱ्या उत्तरांची यादी त्यांच्याच खणात आहे. मी एक शब्दही सांगायचा नाही असं त्यांनी बजावलंय. तुमचं उत्तर बंद पाकिटात थेट सरांच्या नावाने धाडा. वीस तारखेला सगळ्यांसमोर फोडणार आहेत.

गुणाजीकाकांना नमस्कार. तुम्हा दोघांवर भिस्त ठेवणारी,
हेमा

माजिवडा, ता. १६ जुलै

चि. हेमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सापडलं गं! मी चाली वाचायचो आणि गुणाजी डोळे मिटून ऐकायचा. पहिल्या तीन पाळ्या त्याने सोडूनच द्यायला लावल्या, तेव्हा सगळेच बारीक पानं टाकतात म्हणाला. चौथीपासून एकच विचारायचा, वीज पडली ती कोणावर? चार डाव ऐकले आणि म्हणाला, “यो मानसाला मारतंय, आन् त्यो मानसाचे डावाला.”

मग मलाही दिसायला लागलं. अग्रेसिव्हवाला समोरच्याच्या सैनिकाकडे बघतही नाही. जे हातात येईल ते प्राणांवर. पाचव्या पाळीला हात रिकामा, आणि समोरचा तोवर तगला तर हा बघत बसतो. टेम्पोवाला एक छोटा सैनिक आधी उभा करतो. मग समोरच्याने काही मांडलं की ते उचलून परत धाड, तेच पान त्याला पुन्हा मांडायला लाव. स्वतःची ताकद एका पाळीलाही फुकट घालवत नाही. समोरचा सतत एक पाऊल मागे राहतो आणि तो छोटा सैनिक हळूहळू त्याचा जीव घेतो.

गुणाजी म्हणतो, एक जण पाण्याच्या उलट दात-ओठ खाऊन वल्हवतो, दुसरा ओहोटी धरून निघतो. दोघंही लवकर परततात, म्हणून काठावरच्याला सारखेच वाटतात. सरावाचे चार डाव परत वाचले. चारही बरोबर! साठीला आलो तरी टाळी देऊन नाचलो.

सातव्या कागदावर मात्र आमची जुंपली. गुणाजी म्हणाला, हा दोघांतला नव्हेच. मी तीनदा वाचला आणि मग मला हसू फुटलं. काय लिहिलं ते तुला सांगत नाही. पाकीट सरांना गेलंय.

निकाल उलट टपाली कळव.

तुझा,
भाऊकाका

डोंबिवली, ता. २१ जुलै

ती. भाऊकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, निकाल ऐका. सरांनी एक एक उत्तर यादीशी ताडून पाहिलं. सहापर्यंत बरोबर. सातवं त्यांनी मोठ्याने वाचलं, “दोघांपैकी कोणीच नाही. हा डाव आमच्या हेमाचा. जिंकायचं पान चौथ्या पाळीपासून हातात आहे आणि ही योग्य वेळेची वाट बघत बसली आहे. लहानपणी मेंढीकोटात हुकमाचा एक्का अशीच शेवटपर्यंत धरून ठेवायची.” सगळा वर्ग हसला. यादीत टेम्पो होतं. सरांनी फुली मारली. पुढचे तिन्ही बरोबर. नऊ!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी हट्टाने सातव्या डावाची फाइल उघडायला लावली. प्रत्येक चालीला किती वेळ लागला ते फाइलमध्ये नोंदलेलं असतं, कागदावर ते छापत नाही. कॉम्प्युटरला एक सेकंद पुरतो. या डावात शेवटची चाल करायला चार मिनिटं लागलेली, आणि ते पान शेवटी खेळलेलंच नव्हतं. जूनमध्ये चाचणीसाठी मीच खेळलेला डाव, माझ्याच हातून टेम्पोच्या गठ्ठ्यात गेलेला. सरांनी पडद्यावर बोट ठेवून ती वेळ पुन्हा एकदा वाचली. मग फुली खोडून त्यांनी बरोबरची खूण केली. दहाच्या दहा! गुणाजीकाका एकदा वर्गावर येतील का, असं त्यांनी विचारलंय.

आनंद तर झालाच, पण काका, तुमचं ते वाक्य लागलं. पुण्याचं पत्र तीन आठवडे माझ्या वहीत पडून होतं. घरी येताच आई-बाबांसमोर ठेवलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, “इतके दिवस हातात का धरून बसली होतीस?”

पुण्याच्या होकाराचं पाकीट आणि हे पत्र बरोबरच पेटीत टाकायला निघालेय. पुण्याचं आधी टाकते.

दोघांनी माझ्या हातातल्या पानांवर असंच लक्ष ठेवावं.

आपली,
हेमा