उपटायचा वाफा

४ मार्च

चि. बागवालीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने रचतो, अशी तुझी तक्रार. म्हणून हे पत्र.

तू आखलेली आमच्या वृद्धाश्रमाची बाग काल उघडली. वाट गोल आहे, कुठेच संपत नाही. चुकलेला माणूस चालत राहिला की आपसूक दाराशी परत येतो, हे तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं. पण काल एका जुन्या कवितेच्या तंद्रीत मी तीन फेऱ्या मारल्या आणि तिन्ही वेळा चहाच्या खोलीशीच उगवलो. दर दहा पावलांवर टेकायला बाक, वाटेला कठडा, न वाकता हात पोचेल असे उंच वाफे. आणि ती लव्हेंडरची रोपं! मला मी शिकवायचो तो चौथीचा वर्ग आठवला. ओळीत उभी, भांग पाडलेली, काही न समजता डुलणारी पोरं.

तुझी काकू मात्र बाकावर बसत नाही. बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. रिकामी बसलेली माणसं तिला अजून खपत नाहीत. मी कोण हे तिला गेल्या वर्षभरात आठवलेलं नाही, पण मी डुलक्या काढतो हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पाणी घालावं.

तुझा,
काका

११ मार्च

ती. काकांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. स्तुती वाचून बरं वाटलं, पण तुमच्या स्तुतीवर मी जरा जपूनच विश्वास ठेवते. मागे वाफ्यांची उंची विचारली तेव्हा तुम्ही ‘कमरेइतकी’ असं कळवलंत, आणि कोणाच्या कमरेइतकी हे विचारल्यावर दोन कडवी पाठवलीत. शेवटी मी स्वतः टेप घेऊन आले.

आता गद्यात सांगा. वाटेवर कुठे काळसर फरशी राहून गेली आहे का? काकूंना गडद चौकोन खड्डा वाटतो, त्या पाऊलच टाकत नाहीत. आणि लव्हेंडर मुद्दाम लावलंय, वासाने मन निवतं म्हणून. सगळ्यांनी सकाळी शांत बसून राहावं एवढीच माझी इच्छा. त्यावर काव्य नको.

माया आहे तशी राहू द्यावी, ही विनंती.

आपली,
बागवाली

१९ मार्च

चि. बागवालीस,

अनेक आशीर्वाद. वाईट बातमी आधीच सांगतो, कारण शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. लव्हेंडर गेलं. काल सकाळी सगळे चहाला असताना बासष्टच्या बासष्ट रोपं मुळासकट उपटली गेली. नंतर ती वाटेवर उंचीप्रमाणे ओळीत मांडलेली सापडली, प्रार्थनेला उभी केल्यासारखी.

उंचीप्रमाणे म्हटल्यावर मी समजलो. तूही समजली असशील. तुझ्या काकूच्या शाळेत बागकामाचा तास असे. जे ओळखीचं नाही ते तण, आणि तण मुळासकट, असा तिचा नियम.

आमच्या व्यवस्थापिकेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून आम्ही तिला किल्लीबाई म्हणतो. तिने सगळ्यांना जमवून सांगितलं की असा माणूस खाली सांभाळता येणार नाही, त्याला वर हलवावं लागेल. वरच्या मजल्याला कुलूप असतं. भेटायला रविवारचा एक तास.

मी उभा राहिलो आणि मीच उपटली म्हणालो. का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, यमक जुळत नव्हतं. तिने माझी स्वच्छ नखं पाहिली. शेजारी तुझी काकू कोपरापर्यंत मातीने माखून बसली होती आणि असल्या मुलाच्या पालकांना बोलावून घ्या, असं ठणकावून सांगत होती.

किल्लीबाई मनाने वाईट नाही. आठवडाभर थांबते म्हणाली. मला मात्र त्या नियमाने झोप लागत नाही. ओळखीचं नाही ते तण. मग माझीही पाळी फार लांब नाही.

लोभ असावा, बासष्ट रोपांबद्दल राग नसावा.

तुझा,
काका

२४ मार्च

ती. काकांस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी रडले, मग त्या यमकावर हसले, मग रागावले. तुमच्यावर नाही. सगळ्यांना शांत बसवायच्या नादात मी अकरा बाकं दिली आणि करायला एक काम दिलं नाही. काकूंनी ते स्वतःच शोधलं, एवढंच.

काल किल्लीबाईंशी बोलले. दाराजवळचा वाफा आता उपटायचा वाफा. माळीबुवा त्याच्या दोन अर्ध्यांत आलटून पालटून मोहरी पेरतील. ती चार दिवसांत उगवते. काकूंनी खुशाल उपटावी. बाकी वाफ्यांत त्यांच्या ओळखीचं लावू: पुदिना, कोथिंबीर, झेंडू. तिथलं एक पान जरी गेलं तरी वरचा मजला. बाईंनी एक महिना दिलाय, आणि अट अशी की काकूंजवळ सतत कोणीतरी हवं. ते कोणीतरी तुम्ही. झोपायचं नाही, रचायचं नाही.

माळीबुवांची समजूत तुम्हीच काढा. माझं अर्धं ऐकून त्यांनी फोन ठेवला.

माया असावी, डोळे उघडे असावेत.

आपली,
बागवाली

२६ एप्रिल

चि. बागवालीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. माळीबुवांची समजूत काढायला तीन दिवस लागले. जन्मभर तण काढलेल्या माणसाला उपटण्यासाठी पेरायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला भात करपवायला सांगण्यासारखं आहे. आता ते पेरतात, पण पेरताना तोंड दुसरीकडे करतात.

तुझ्या काकूने पहिल्या दिवशी मोहरी पाहिली आणि बाह्या सरसावल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात टोपली देऊन सांगितलं की हलायचं नाही. तेव्हापासून मी हललेलो नाही. परवा मी सवयीने चौथीची एक कविता पुटपुटत होतो. शब्द तिला आठवले नाहीत, पण चाल तिने उचलली, आणि माझा ताल चुकला तिथे मनगटावर मोहरीचा देठ मारला. आमच्या इथले निवृत्त शिंपीबुवाही आता उपटायला नंबर लावून उभे राहतात.

काल महिना संपला. किल्लीबाईने वाफे तपासले. पुदिना शाबूत, कोथिंबीर शाबूत, झेंडूची कळीसुद्धा हललेली नाही. म्हणाली, मुख्याध्यापिकाबाई खालीच राहतील. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली की आता मदतीला एक नर्स नेमली आहे, काकांनी आराम करावा, आणि तिने माझ्या हातातली टोपली घेतली.

तुझ्या काकूने हात वर केला. प्रत्येक रोपाकडे ती उपटण्याआधी बघते तसं तिने मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी चौथीतल्या पोरासारखा ताठ उभा राहिलो.

मग म्हणाली, “हा राहू दे. कामाचा आहे.”

किल्लीबाईने टोपली परत दिली. उद्या सातला हजर व्हायचं आहे आणि उशीर खपवून घेतला जात नाही, म्हणून पत्र आवरतो. लोभ मुळाशी राहू द्यावा, आणि मोहरीचं बी लवकर पाठवावं.

तुझा,
न उपटलेला काका