लुगड्याला कात्री नाही

३ नोव्हेंबर
दुकान लवकर बंद. मनीला सातवा लागला, माहेरपणाला आलीय. पडद्यांची मापं काढायला तिनंच मागं कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घालून दिलं होतं, त्यातच आता बाळाची गोधडी आखतोय. मनीची आई, सु., असती तर आखावी लागली नसती. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. आज तिची ट्रंक पहिल्यांदा उघडली. लुगडी कटिंगच्या टेबलावर पसरून एकेकाचा फोटो घेतला. मनी दारातच उभी.
"आप्पा, फोटोच ना फक्त?"
म्हटलं, फोटोच.

६ नोव्हें.
कॉम्प्युटरवर सु.चा चौक जमला. मधला चौकोन टोकावर उभा, चार बाजूंना चार त्रिकोण. आंदर मावळात तिच्या माहेरी घरोघर हाच. बटण दाबलं की जांभळं आत, हिरवं बाहेर. परत दाबलं की उलट. कितीही कापा, कापड आहे तेवढंच. असा धंदा आधी मिळायला हवा होता.
कुसगावची भाड्याची खोली आठवली. मी सायकलवर गाद्यांच्या खोळी बांधून हॉटेलं हिंडायचो, ती उरलेल्या चिंध्यांचे चौक खोळीच्या आतल्या बाजूला जोडायची. म्हणायचो, अगं, आतलं गिऱ्हाईक कुठं बघतंय? "मी बघितलंय की." विषय संपला.

९ नोव्हें.
तारा आली. सु.ची धाकटी बहीण, टाके तीच घालणार. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची गोधडी दाखवली. चष्मा वर करून पाहिली.
"झ्याक हाय दाजी. पन ही तिकोनी काडनार कशी? लुगडं फाडायचं असतंय."
खरंच की. बाळाच्या गोधडीला घरातलं नेसतं लुगडं घ्यायचं, त्याला कात्री लावायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. आणि फाडलेलं कापड धाग्यानं सरळ जातं, तिरकं जात नाही. उभा जन्म कापडात गेला आणि पडद्यावर खुशाल तिरकं कापत बसलो. सु. चौकोनच फाडायची, मांडीवर घडी घालून त्रिकोण करायची, वरून अंगठ्याचं नख दाबत न्यायची. तो कर्र आवाज इतक्या वर्षांनी कानात आला.
घडीचं बटण शोधलं. नाही.
"मशीनला नख न्हाई व्हय?" तारा.

१० नोव्हें.
मनी जेवली नाही. "फाडणार? आईचा वास आहे त्याला." ट्रंकेचं झाकण स्वतः लावलं.
संध्याकाळी तिनंच तोड काढली. फोटो आहेतच, पुण्यात नव्या कापडावर छापून घेऊ. आईची लुगडी ट्रंकेत राहतील, बाळाला गोधडी मिळेल. हिशेबी पोर, माझ्यावर गेलीय. हो म्हटलं.

१७ नोव्हें.
छापील कापड आलं. हुबेहूब. हिरव्याच्या पदराजवळ सु.नं रफू केलं होतं, तेसुद्धा आलंय. बोट फिरवून पाहिलं. सपाट.
दुकानात आलेल्या मुंबईच्या एका बाई त्या कापडाचा भाव विचारत होत्या. विकायचं नाही म्हणालो. जिभेला सवय नाही त्या वाक्याची.
नवं कापड वाजतं. धुऊन धुऊन जुनं झालेलं लुगडं वाजत नाही, सु. उठून चुलीशी गेलेली कळायची नाही. मनीनं छापील तुकडा गालाला लावला, मग घडी करून टेबलावर ठेवला.

१९ नोव्हें.
ताराचा फोन. "दाजी, टाक्यांना वेळ लागतो. पोर यायच्या आदी व्हायला पायजे. काय ते ठरवा." मनीचं सांगितलं. तारा म्हणाली, "अक्का माजी बी व्हती. मी मागितलं का एक तरी लुगडं ठिवायला?"


२१ नोव्हें.
सकाळी ट्रंकेतलं खरं हिरवं लुगडं टेबलावर घेतलं. काठ चिवट, दातानं चीर दिली. एवढीशीच. पुढं दोघं लागतात, चिरेच्या दोन बाजू दोघांनी धरायच्या. सु. म्हणायची, "कापडाकडं बघा, माझ्याकडं काय बघताय."
मनी आत आली. चीर दिसली तिला. वाटलं, आता रडणार. स्टूल ओढून बसली, चिरेपलीकडचा काठ मुठीत घेतला.
"मी अजून हो म्हटलेलं नाही, आप्पा."
"मी तरी कुठं ओढलंय?"
हात तिचा आईसारखाच, रुंद.
मग गिऱ्हाईक आलं, उशांच्या खोळी हव्या होत्या. मला उठावं लागलं. ते गेलं तरी गल्ल्यावर बसूनच हे लिहितोय. मनी आत आहे, काठ सोडलेला नाही. उठून जायचं म्हणतो, पण हो तिनंच म्हणायला हवं.

तिनं हाक मारली तर ऐकू येईल. कान तिकडंच आहे.